बाटलीचं साल आणि चिमणाबाईचं वय

दारूचं वय विचारल्याशिवाय पिऊ नये आणि म्हातारीचं वय पुराव्याशिवाय मानू नये, असं सुधारलेल्या जगाचं धोरण हाय. लय चांगलं धोरण. त्यामुळंच तर आमच्या सायखेड्याकडच्या शिवारात वाईनचा कारखाना आला आणि द्राक्षांना नावगाव मिळालं.

कारखान्याचे मयूरसाहेब पुण्याचे. त्यांनी लेबलाचे नियम बायांना समजावून सांगितले. ज्या वाणाचं नाव लिहायचं, तो वाण बाटलीत पंच्याऐंशी टक्के पाहिजे. राहिलेले पंधरा टक्के कुणीबी पाव्हणे चालतात, त्यांचं नाव लिहायची गरज नाय. (मी सांगते त्यातबी पंच्याऐंशी टक्के खरं असतं. म्हणजे नियमानं सगळंच खरं.) द्राक्षं ज्या साली तोडली, ते साल मोठ्या अक्षरात. साल जेवढं जुनं तेवढा मान जास्त. लेबल सुतभर वाकडं लागलं तरी बाटली परत.

आमची शेजारीण चिमणाबाई तिथं लेबलं चिकटवायची. बोटं थरथरायची, पण लेबल सरळ. दोन वर्षांत तिनं लाखभर बाटल्यांना जन्मसाल दिलं. मग डोळ्याला दिसंना, म्हणून २००६ साली तिनं म्हातारपणाच्या पेन्शनीचा अर्ज केला. पासष्ट पुरं पाहिजेत. तोंडात दात सात.

कचेरीत कारभारी नावाचे भाऊसाहेब. मोठा न्यायी माणूस.

"आजी, वयाचा पुरावा?"

"मी जन्मले तवा गोदामाय पार मारुतीच्या पायरीला लागली व्हती."

"कितवा पूर?"

"नदीनं नंबर नाय सांगितला, भाऊसाहेब. पण माझ्या देवरामचा शाळेचा दाखला हाय. त्याला बावन्न झाली."

भाऊसाहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला. "हा लेकाचा पुरावा. आई लेकापेक्षा मोठी असते, याचा कागद आणा."

म्हणणं बरोबरच हाय. उद्या कुणीबी उठून कुणाचीबी आई होईल.

चिमणाबाई मयूरसाहेबांकडं गेली. ते फोनवर. म्हणाले, "मावशी, लेबल असलं की जगात कुणी काही विचारत नाही." साहेबाचा शब्द तिनं नियम मानला. अर्जावर फोटोच्या जागी शिराज वाणाच्या वाईनचं एक लेबल चिकटवलं. सरळ, सुतभर वाकडं नाय.

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. नोंदणी क्रमांक, काळ्या रेघा, वाण, साल, सगळं छापील! जातीच्या रकान्यात त्यांनी 'शिराज' लिहिलं, जन्मसाल २००४, आणि शेरा मारला: 'अर्जदाराचं वय दोन वर्षं. नामंजूर. २०६९ साली पुन्हा अर्ज करावा.'

सरकार मात्र कुणाला वाऱ्यावर सोडत नाय. आठवड्यात अंगणवाडीची उज्वला वजनकाटा घेऊन दारात. चिमणाबाई भरली अडतीस किलो. वहीत लिहिलं, 'बाळ सुदृढ.' पोलिओचे दोन थेंब पाजले, नखाला शाई लावली. आता रोज अकराला खिचडी मिळते. सात दातांना बरी पडते.

मी म्हटलं, "चिमणे, नशीब काढलंस."

ती म्हणाली, "कशाचं नशीब, आक्का! माझंच चुकलं. जुन्या सालाचं लेबल लावलं असतं तर चार वर्षांची झाले असते. पण माझ्या हाताखालून गेलेल्या बाटल्यांना साल हाय आणि मला नाय, हे मरताना कुणाला सांगू? २०६९ ला तर मी नसंन."

हसलात ना? हसा. तुम्ही शिकलेली माणसं. पेला फिरवून, वास घेऊन, बाटलीचं साल पाव्हण्यांना तोंडपाठ सांगता. आता तुमच्या आजीचं सांगा बघू. निदान पूर कितवा, तेवढं तरी.

आठवंना? मग उठा, तिला उलटी करून बघा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.