बरोबर का चूक, एका शब्दात सांग

आमच्या इमारतीची लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जायला जेवढा वेळ घेते, तेवढ्यात देवाचा निकाल लागलाच पाहिजे, असा टेंभेकरकाकांचा आग्रह असतो. दार बंद झालं की माणूस सापडला. हातात भाजीची पिशवी असो की दुधाची, काका बोट रोखून विचारतात, "देव दयाळू आहे. बरोबर का चूक? एका शब्दात सांग."

"बरोबर" म्हणालात तर, "मंग डास काहून केले?" "चूक" म्हणालात तर, "मंग तुही आजी जन्मभर कोणापुढं हात जोडत होती? भिंतीपुढं?" तुम्ही कुठेही उभे राहा, काका पलीकडच्या बाजूला. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या या नव्या इमारतीतले लोक तब्येतीसाठी जिना चढतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. खरं कारण हळूहळू कळलं. माझ्या मुलीने मात्र सोपा उपाय काढलाय. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. ती "पता नहीं काकाजी" म्हणते आणि मोकळी होते. काका तिच्यावर बेहद्द खूश आहेत. "इमारतीत एकच पोट्टी खरं बोलते," म्हणतात.

गणपतीत एकदा त्यांनी प्रसादाच्या रांगेतच प्रश्न टाकला, "साखर चोरीची असंन, तर शिरा प्रसाद होते का नाही?" गुरुजी म्हणाले, भाव महत्त्वाचा. "कोणाचा भाव? चोराचा का साखरवाल्याचा?" रांग थांबली. दोन पक्ष पडले. शिरा गार झाला. गुरुजींना अचानक दुसऱ्या घरची पूजा आठवली. काकांनी मात्र वाद चालू असतानाच दोन द्रोण संपवले होते.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण नियम त्यांना सोडायला तयार नाहीत. एका दुपारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. चौकातला सिग्नल लाल झाला तो लालच राहिला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डोक्यावर रायपूरचं मे महिन्यातलं ऊन. शेवटी सावलीतला पोलीस कंटाळून आला. "निकल जाओ चाचा, सिग्नल खराब है."

"लिख के दो," काका म्हणाले.

पोलीस परत सावलीत जाऊन बसला. मी उतरून चालत घरी आलो. काका तासाभराने आले. वीज गेली आणि सिग्नल विझला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली होती.

असा हा माणूस, "मेलेला माणूस जेवत नसते" असं लिफ्टमध्ये ठणकावून सांगणारा. पण पितृपक्षात एका ठरलेल्या तिथीला तो मला जेवायला बोलावतो. खीर, कढी, वडे, अळूची भाजी, सगळं साग्रसंगीत. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ कावळ्याचं पान. चार वर्षं मी ऑफिसातून धावतपळत येऊन त्यांच्याकडे जेवलो. कोणाचं श्राद्ध, हे कधी विचारलं नाही. त्यांच्या आईचं असेल, असं धरून चाललो होतो.

यंदा मी लवकर पोचलो. दार उघडंच होतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. आत काका टेलिफोनपाशी स्टुलावर बसले होते. रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले, आणि तोंडातून शब्द नाही. काका बोलत नाहीत, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, काही वाईट बातमी आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी रिसीव्हर अलगद खाली ठेवला.

"दरसाल असंच करतेत," काकू म्हणाल्या. "तू उशिरा येत होता म्हणून दिसलं नाही. अवो, आता सांगून टाका त्याले."

काकांनी आधी पान वाढायला लावलं. मग भाताशी चाळा करत सांगू लागले.

दिगू त्यांचा मित्र. दोघं एकाच कार्यालयात एकाच दिवशी लागले, बावीस वर्षं एका डब्यातून जेवले. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा कोण भोपाळला आणि कोण रायपूरला, याच्या याद्या काकांच्या टेबलावर तयार होत होत्या. ज्येष्ठतेच्या नियमाने दिगूचं नाव भोपाळला निघालं. त्याची आई इथे गुढियारीत अंथरुणाला खिळलेली, हलवण्यासारखी नव्हती.

"मले म्हणे, मन्या, एक ओळ खालीवर कर. कोणाले कळत नाही. खरंच कळलं नसतं रे. पण त्याच्या जागी यादीतला खालचा गेला असता. त्या बिचाऱ्याची बी आई असंन ना कुठं. म्या ओळ हलवली नाही."

चार महिन्यांनी म्हातारी गेली. तार केली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. दिगू काही पोचला नाही.

"अग्नी म्या देला," काका म्हणाले. "दिगू सांजच्याला आला. राखेपाशी उभा राहिला. माह्याकडं पाहिलं नाही, बोलला नाही. तेराव्यानंतर गेला तो गेलाच. तो तिकडं करत असंनच तिचं. पण अग्नी म्या देला ना, म्हणून इथं पान मी वाढतो."

मला त्यांचे लिफ्टमधले प्रश्न आठवले आणि स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही सगळे हसत जिना चढत होतो.

"म्हणून देव असला पाहिजे," ते म्हणाले. "त्याच्याजवळ तरी पक्कं असंन, माझं बरोबर होतं का चूक. आणि तो नसंन, तर मंग सांगणारा एकटा दिगूच राहते."

"मग फोनवर बोलत का नाही तुम्ही?"

"काय बोलू? दरसाल या तिथीले लावतो. तो 'हॅलो' म्हणते. माह्या तोंडून आवाज निघत नाही. मंग तो बी काही बोलत नाही. पण फोन ठेवत नाही, बरं का. शेवटी मीच ठेवतो."

"त्यांना कळतं, तुम्ही आहात ते?"

"न कळायला काय झालं! दुसरा कोणी असा गप बसला असता, तर त्यानं शिव्या देऊन आपटला असता फोन."

मी म्हणालो, "काका, म्हणजे त्यांनी माफच केलं की."

"माफ केलं असतं तर बोलला असता. नसतं केलं तर फोन ठेवला असता," काका म्हणाले. काकूंनी न विचारता माझ्या वाटीत खीर वाढली. मी खाली मान घालून ती संपवली. काकांची वाटी तशीच होती.

मग एकदम माझ्या मनगटावर हात ठेवून ते पुढे झुकले. चेहरा कसा उजळला होता. "यंदा मांगून तान्ह्या लेकराच्या रडण्याचा आवाज आला. दिगूले नातवंड झालं वाटते. तुह्या घरी लेकरू वाढलं, तुले माहीत असंन. नुसत्या रडण्यावरून समजते काय रे, पोट्टा हाय का पोट्टी?"

तसं काही कळत नाही, असं मी सांगितलं.

"ऐकून तर पाय," काका म्हणाले. आणि सत्तरीच्या त्या माणसाने, श्राद्धाच्या पानावर बसून, डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात मला तान्ह्या बाळासारखं रडून दाखवलं.