खुर्च्या बाहेर आहेत तोवर

"मला त्या गाण्यात घालू नकोस," बटणांचे डबे मांडत आई म्हणाली.

"तुला कुठे घातलंय? नुसतं 'आई' म्हटलंय. आई काय, कुणाचीही असते."

"कुणाची ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

आईचं दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यातली एक फळी. तिच्यावर बटणं, हूक, चेन आणि दोऱ्याची रिळं. फळीमागे बसली की दिवसभर ती पाण्याचा थेंब घेत नसे. उपवास नव्हता, बंदोबस्त होता. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती. म्हणजे होती. बाजाराच्या मागच्या अंगाला, पाटीसकट, पाटीवरच्या बाईच्या चित्रासकट होती. पण आत बाजार समितीच्या समारंभाच्या खुर्च्या रचलेल्या आणि दाराला कुलूप. "उघड्यावर खुर्च्या खराब होतात," असं बाजार निरीक्षक सांगत. बायका कशा राहतात, हे त्यांना पुष्कळदा विचारून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईला "भरपूर पाणी प्या, नाहीतर पुढच्या वेळी खडा मोठा असेल," अशी तंबी दिली होती. आई त्यांना हो म्हणाली आणि कोरडीच दुकानात येऊन बसली.

लेक शेजारी बसून लोकांच्या बॅगांच्या चेन बदलून द्यायची आणि संध्याकाळी 'ठिणगी' या नावानं रॅप करायची. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. आईनं दुकानात बसून पोटभर पाणी प्यावं, आणि आपलं एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकावं. दुसरी जास्त अवघड होती. "गायचं तर गा, भांडायचं तर भांड," आई म्हणायची. "भांडता भांडता यमकं कसली जुळवतेस?" आणि अंथरुणात कुशीवर वळायची.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मावसभावानं ठेका दिला आणि गाणं झालं:

"दार आहे, पाटी आहे, पाटीवरती बाई आहे,
आत मात्र खुर्च्या बसल्या, बाहेर उभी आई आहे!"

गाणं वणव्यासारखं पसरलं. पोरं शाळेत म्हणू लागली, हमाल ओझं उचलताना म्हणू लागले. शेवटी खुद्द निरीक्षक मान डोलावत फळीशी आले.

"काय पोटतिडकीनं म्हटलंयस पोरी! तुझा जाहीर सत्कार करायचा ठरवलाय."

"सत्कार नको साहेब, कुलूप काढा."

"बघा, विनयही आहे!" निरीक्षक आईला म्हणाले.

सत्कार म्हटला की खुर्च्या आल्या. कुलूप निघालं, खुर्च्या बाहेर आल्या आणि ती खोली प्रथमच रिकामी झाली. झाडूवालीनं नळ सोडून पाहिला. नळ आधी खोकला, मग वाहिला. बातमी सत्कारमूर्तीच्या आधी सगळ्या बायकांपर्यंत पोचली.

"पण कार्यक्रम संपला की खुर्च्या पुन्हा आत," ठिणगी हळहळली.

"मग संपवू नकोस," फुलवाली म्हणाली आणि रांगेत पहिली जाऊन उभी राहिली.

ठिणगीनं माईक धरला. पुढे खुर्च्यांवर मान्यवर, मागे दारापासून पार भाजीच्या गाळ्यांपर्यंत बायकांची रांग. होती नव्हती ती कडवी संपली. मग तिनं तुंबलेल्या गटारावर कडवं रचलं, खोट्या वजनकाट्यावर रचलं, निरीक्षकांच्या सहनशक्तीवर रचलं. निरीक्षकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. घसा सुकला की ती बाटली तोंडाला लावी आणि पुढे म्हणू लागे.

तेवढ्यात तिला आई दिसली. आईनं दुकान शेजारणीवर टाकलं होतं, गटागटा पाणी प्यायलं होतं आणि आता ती रांगेत उभी होती. गाण्याकडे पाठ करून. ठिणगीची एक इच्छा पुरी होत होती, तीही दुसरीकडे पाठ फिरवून.

व्हायचं तेच झालं. इतकं पाणी प्यायल्यावर ठिणगीलाही जावंसं वाटू लागलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली, गुडघे जुळवू लागली. पुढच्या पोरांना वाटलं, हीच नवी हिप हॉपची स्टेप. तीही तशीच नाचू लागली.

"वा, वा!" निरीक्षक उठले. "आता आभार मानून आपण—"

त्याच वेळी आई पदराला हात पुसत बाहेर आली. ठिणगीनं माईक तिच्या हातात कोंबला.

"आई, हे धर!"

"अगं, मला काय येतंय यातलं?"

"भांड!" असं ओरडून ठिणगी पळाली. तिची अवस्था बघून रांगेनं वाट दिली.

तिनं आतून कडी लावली.  बाहेरून आईचा आवाज आला.

"साहेब, आधी खाली बसा. आभार कसले मानताय? खुर्च्यांचा केवढा जीव तुम्हाला! उन्हात नको, वाऱ्यात नको. आम्ही काय लोखंडाच्या आहोत? पोर घसा फोडून सांगतेय, तुमच्या कानावर गेलं नाही. तुम्हाला नुसता ठेका ऐकू आला!"

मावसभावानं हळूच ठेका धरला. आई थांबली नाही. भांडता भांडता तिचा सूर खाली आला आणि ती म्हणाली:

"हूक देते, बटण देते, उसनं हसू देते गं,
तहान तेवढी जपून आई घरी घेऊन येते गं!"

आत ठिणगीचा हात कडीवरच राहिला. हे कडवं तिनं गाण्यातून काढून टाकलं होतं. जगात कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदाच म्हटलं होतं, घरी, भांडी घासताना, आई झोपलीय असं समजून.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. "आणखी! आणखी!" पोरं ओरडली. आईनं घसा खाकरला आणि लेकीचं दुसरं गाणं सुरू केलं, मग तिसरं.

दारावर थापा पडू लागल्या.

"अगं ए, आत बसून गाणं लिहितेस की काय?" फुलवाली होती, दुसऱ्यांदा आलेली. "सगळ्या बाजाराची सोय केलीस आणि आता तूच अडवून बसलीस!"

"थांबा ना थोडं," आतून उत्तर आलं. "तिचं अजून संपलं नाहीये."