हसनचाचाचं साडेदहा

माझा फोरमन हसनचाचा रस्त्याचा ताप पायाने बघायचा. रियाधमध्ये जानेवारीच्या सकाळी आमच्या तोंडातून वाफा निघत, तेव्हा हा डावी चप्पल काढून अनवाणी पाय डांबरावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "नाय शेठ. अजून गार हाय. साडेदहा."

गार रस्त्यावर गरम डांबर टाकलं की रोलर फिरायच्या आत ते निवतं, नीट बसत नाही आणि दोन महिन्यांत उखडतं, हे मलाही कळतं. पण रोलर सहा वाजल्यापासून भाड्याने उभा असतो. मी इथे हेल्पर म्हणून आलो आणि घासाघीस करून अल सुलै भागात रस्तेदुरुस्तीचं यार्ड उभं केलं. खडीवाला मला बघून मागच्या दाराने निघून जातो. पण चाचाने मला दहा मिनिटंही सोडली नाहीत.

"नऊ."

"साडेदहा."

"साडेनऊ, चाचा. तुझंही नको, माझंही नको."

"पाय माझा हाय ना, शेठ?"

मी थर्मामीटर आणलं. तेही पायाच्याच बाजूने बोललं. मी ते आपटून फोडलं.

ट्रकमधला माल निवू नये म्हणून ताडपत्री सगळेच घालतात. हा तिच्यावर दापोलीहून आणलेली, बायकोने शिवलेली गोधडी पसरायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा.

मग सौदीकरणाचा नियम आला. फोरमन सौदीच हवा. चाचाच्या जागी मिशाल नावाचा माणूस आला, तीन महिने हाताखाली शिकायला. आमचे व्हिसे ज्याच्या नावावर, त्या सौदी कफीलला मी गाठलं, दोन तास डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "मिशालला हे काम जमत नाही असं मला दाखव. हसनचा इकामा, इथे राहायचा परवाना, दोन वर्षं वाढवून आणतो."

एवढा चांगला सौदा मी आयुष्यात केला नव्हता. चाचाला बजावलं, "त्याला काही शिकवू नकोस. चहा पाज, गप्पा मार. बस."

"बरं, शेठ."

कफील बघायला आला त्या सकाळी अल मलाझमध्ये एका शाळेसमोरचा खड्डा भरायचा होता. मिशाल गाडीतून उतरला. डावी चप्पल काढली. पाय डांबरावर ठेवून डोळे मिटले.

"बारिद," तो म्हणाला. थंड आहे. मग घड्याळात साडेदहावर बोट ठेवलं आणि ट्रकवर चढून गोधडी सारखी केली.

कफीलने मान डोलावली. खलास.

मी चाचावर सगळ्यांसमोर ओरडलो, "तुझ्यासाठी मरत होतो मी! का शिकवलंस?"

तो चप्पल चाचपत राहिला. "शाळेचा रस्ता हाय, शेठ. मी गेल्यावर तुम्ही सात वाजताच माल टाकला असतात."

त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. निरोप द्यायला मी विमानतळावर गेलो नाही. गोधडी तो ट्रकवरच ठेवून गेला.

या जानेवारीत दापोलीहून त्याचा फोन आला. "शेठ, थंडी पडली?"

"पडली. नऊला काम सुरू करतो," मी मुद्दाम म्हटलं.

तो भांडला नाही. "मी रोज सकाळी दारात चप्पल काढून उभा राहतो. सून हसते. इथली जमीन गारच लागत नाय, शेठ. कोणाला काय सांगायचं?"



"साडेदहा, चाचा," मी म्हणालो. "साडेदहालाच टाकतो."