जहराच्या डोंगरातला हाका

योजना आखावी तर मीच! हे मी फुशारकीने सांगत नाही. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मी स्टोअर क्लार्क. दहा हजार बोल्ट, सात हजार वॉशर, आणि कुठला कुठल्या खणात ते मी डोळे मिटून सांगतो. अशा माणसाला एका म्हाताऱ्याला एक हरीण दाखवणं काय अवघड? तेही लांबून! मारायचंसुद्धा नाही!

म्हातारा म्हणजे आमचे मुस्तफामामू. माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि माझ्या बायकोचे, झुलेखाचे, वडील. म्हणजे एकाच माणसात मामूही आणि सासराही, सुटायला जागाच नाही. खेड तालुक्यात मामूंच्या बंदुकीचं नाव निघालं की रानडुकरं तालुका बदलत. आणि मी? मी लहानपणी बेडकाला घाबरायचो. मामू चारचौघांत हसायचे, "ह्या अशरफला बांगड्या भरा रे!"

ते हसणं माझ्या मनात रुतून बसलं होतं. म्हणून अठ्ठावन्न साली कुवेतला आल्यावर पहिल्याच पत्रात मी लिहून टाकलं, "इथे दर शुक्रवारी हरणाच्या शिकारीला जातो." मामूंचं उलट टपाली उत्तर आलं, "शाब्बास! किती मारलीस?" आता दोन लिहिणार की तीन? मी चार लिहिली. पाच वर्षांत माझ्या पत्रांतून सत्तावन्न हरणं पडली. प्रत्यक्षात कुवेतात मी एकच हरीण पाहिलं होतं, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर.

त्रेसष्टच्या जानेवारीत मामू बोटीने लेकीला भेटायला आले. दस्मान राजवाड्याच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "शुक्रवारी शिकार!"

"मामू, थंडी फार आहे हो," मी म्हणालो.

"थंडीतच जनावर खाली उतरतं. आणि ऐक, माझं दुसरंही काम हाय. असमासाठी मुंबईचं एक स्थळ आलंय. तुझी आई म्हणते, आपल्या यूसुफला द्या. पोरगा गरीब हाय, पण तुझा भाऊ हाय. तू तर मर्द निघालास! शिकारीला त्यालाही घे, बघू कसा हाय तो. एक मात्र सांगतो, खोटं बोलणाऱ्याच्या घरात मी पोरगी देत नाय."

माझा धाकटा भाऊ यूसुफ कोपऱ्यात बसून शर्टाला काज करत होता. सुकात, म्हणजे बाजारात, एका शिंप्याकडे काम करायचा. त्याच्या बोटात सुई टोचली! असमा झुलेखाची धाकटी बहीण. तिचा एक फोटो यूसुफने शिलाईच्या टेपच्या डबीत दडवून ठेवला होता आणि तो रोज डबी उघडून टेप मोजत बसायचा.

स्वयंपाकघरात झुलेखाने मला गाठलं. "आता काय करणार, शिकारी?"

"योजना आखणार!"

"अल्ला! म्हणजे असमा मुंबईला गेलीच म्हणायची!"

मी सरळ महबूबकडे गेलो. महबूब माझा रत्नागिरीचा दोस्त, एका कुवेती व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर. तो म्हणाला, "हरणं? अशरफभाई, जीपगाड्या आल्या आणि हरणं संपली! आता हाय ती एकच. जहरा गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी अबू दहाम नावाच्या बदूचा, वाळवंटातल्या भटक्या अरबाचा, तंबू आहे. त्याने एक हरिणी पाळलीय. रीम तिचं नाव."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी लगेच योजना मांडली. अबू दहामला सांगायचं की, एक म्हातारे पाहुणे हरीण बघायला येतायत, शुक्रवारी सकाळी हरिणी घळीत मोकळी सोड. महबूबने मालकाची जीप आणि जुनी एकनळी बंदूक आणायची. मी लांबून दाखवणार, "ते बघा!" बंदूक उचलणार, आकाशात बार काढणार. हरिणी पळणार. मी कपाळावर हात मारून म्हणणार, "चुकला!" संपलं! नेम तर मोठमोठ्यांचाही चुकतो.

यूसुफला मी बजावलं, "तू तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलंस की असमा गेली!" यूसुफने तोंड मिटलं ते शुक्रवारपर्यंत जेवायलाही नीट उघडेना.

शुक्रवारी पहाटेची नमाज झाली आणि आम्ही निघालो. पुढे महबूब आणि मामू, मागे मी, यूसुफ आणि झुलेखा. झुलेखाने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि हरणाच्या मटणासाठी हिरवं वाटणसुद्धा घेतलं होतं! मी डोळे वटारले तर कानात म्हणाली, "शिकारीला जाताना वाटण नाही नेलं तर अब्बांना संशय नाही का येणार?"

डोंगर बघून मामू जरा बुचकळ्यात पडले. झाड नाही, झुडूप नाही, गवताचं पातं नाही! "ह्याला डोंगर म्हणतात? मग जनावर लपतं कुठे?"

"ते... एकमेकांच्या मागे लपतात," मी म्हणालो.

मामूंनी माझ्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. जीपच्या मागच्या भागात पत्र्याचे रिकामे डबे खडखडत होते. पाणी भरायला म्हणून ते मी स्टोअरमधून सही करून आणले होते. मामूंची नजर त्या डब्यांवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चला, हाका करू!"

ज्यांना कोकणातली शिकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शिकार म्हणजे हाका. दहा-वीस जण डबे बडवत, आरडाओरडा करत रानातून उतरतात. जनावर आवाजाला भिऊन पुढे पळतं. आणि पुढे बंदूकवाला दबा धरून बसलेला असतो.

"मामू, इथल्या हरणांना हाका कळत नाही!"

"हाका न कळणारं जनावर अल्लाने पैदाच केलं नाय! तुम्ही चौघं घळीच्या वरून डबे वाजवत उतरा. मी खाली बसतो. दे ती बंदूक."

"बंदूक? पण मामू, बंदूक माझ्या..."

"सत्तावन्न मारलीस ना? एक मला मारू दे!"

पण मी डगमगलो नाही. बंदूक देताना पाठ वळवली आणि हळूच काडतूस काढून खिशात टाकलं. दोन पावलं गेलो नाही तोच मागून आवाज आला, "अशरफ! रिकामी बंदूक देतोस? विसरभोळा कुठला!" आणि मामूंनी जीपमधल्या खोक्यातून काडतूस घेऊन खटकन भरलं.

आता हिशेब असा झाला. खाली भरलेली बंदूक घेऊन तालुक्यातला पहिल्या नंबरचा नेमबाज, मध्ये अबू दहामची लाडकी हरिणी आणि वर डबे घेतलेले आम्ही चौघं!

"हळू वाजवा," मी सगळ्यांना कुजबुजलो. "ती उठलीच नाही पाहिजे."

"हाणा रे!" खालून मामू गरजले. "झोपलात काय?"

नाइलाजाने आम्ही हाणलं. धडाड्‌ धम्‌! घळीच्या मध्यावर एका दगडाआडून दोन कान वर झाले. मग शिंगं, हो, इथल्या माद्यांनाही असतात. मग अख्खी रीम! तिने मान वळवली, आमच्याकडे पाहिलं आणि सुसाट पळत सुटली.

आमच्याकडे!

"चुकलीय ती," महबूब ओरडला. "जोरात वाजवा, म्हणजे वळेल!"

आम्ही जिवाच्या आकांताने डबे बडवले. ती दुप्पट वेगाने आली. झुलेखाने थाळीवर डाव आपटला. तिप्पट! आणि तिच्यामागून, कुठून कोण जाणे, चाळीस-पन्नास शेळ्या बें बें करत टेकाडावरून उतरल्या!

आम्हाला काहीच कळेना. महबूब एका खडकावर चढला. झुलेखा खडकाच्या दुसऱ्या बाजूने. मी पळालो. पळालो तो उतारावर, म्हणजे मामूंच्या दिशेने. हातात डबा तसाच, आणि प्रत्येक पावलाला त्याचं झाकण खडाड्‌ खडाड्‌ वाजतंय. टाकून का दिला नाही म्हणता? सही करून घेतलेला डबा होता तो!

खाली दबा धरून बसलेल्या मामूंना काय दिसलं असेल याची कल्पना करा. पुढे जावई, त्याच्या मागे शिंगं खाली घातलेली हरिणी, तिच्या मागे शेळ्यांची फौज!

"या अल्ला! इकडे हरणं माणसाचा हाका करतात?" मामू उभे राहिले आणि बंदूक खांद्याला लावून ओरडले, "अशरफ, डावीकडे हो! मी मारतो तिला!"

डावीकडे झालो तर हरिणी मरणार. नाही झालो तर मी! मी दोन्हीकडे झालो. मामूंची नळी माझ्याबरोबर इकडून तिकडे फिरायला लागली. "एका जागी पळ की रे!"

तेवढ्यात वरून यूसुफ गडगडत आला. हो, गडगडतच! अर्ध्या उतारावर त्याचा पाय घसरला होता. उठला तो सरळ रीमच्या गळ्यात हात टाकून बंदुकीपुढे उभा राहिला.

"मामू, मारू नका! पाळलेली हाय ती! आम्हीच सोडायला सांगितली! भाईने आयुष्यात शिकार केली नाय, पत्रं सगळी खोटी!" तो हुंदके देत होता. "असमाला मुंबईला द्या, पण हिला मारू नका!"

शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. मामूंनी बंदूक हळूहळू खाली घेतली.

पण मी म्हणजे मी! "ऊन लागलंय त्याला, मामू!" मी धापा टाकत म्हणालो. "काहीही बरळतोय!"

जानेवारीचा महिना. मामूंच्या अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला मफलर होता. त्यांनी मफलर जरा सैल केला आणि आकाशाकडे पाहिलं.

इतक्यात टेकाडामागून अबू दहाम आला. उंच, पांढरी दाढी, अंगावर मेंढीच्या कातड्याचा झगा. आमचे डबे बघून तो पोट धरून हसायला लागला आणि अरबीत भराभर काहीतरी बोलला. महबूब खडकावरून उतरला. माझी शेवटची आशा!

"काय म्हणतो हा?" मामूंनी विचारलं.

महबूबने माझ्याकडे पाहिलं, आवंढा गिळला. "म्हणतो की... ही रानटी हरिणी आहे. फार खुनशी! मागच्या आठवड्यात दोन माणसं तुडवली. अशरफभाई होते म्हणून वाचले!"

त्याच वेळी ती खुनशी हरिणी यूसुफच्या स्वेटरची बाही चघळत होती.

मामूंनी मान डोलावली. मग अबू दहामकडे वळून त्यांनी सलाम केला, छातीवर हात ठेवला आणि अस्सल अरबीत घडाघडा बोलायला लागले! अबू दहामचे डोळे विस्फारले. त्याने मामूंना मिठीच मारली. दोघं जुने सोबती असल्यासारखे बोलत सुटले.

मी जन्मायच्या आधी मामू नऊ वर्षं इराकात, बसऱ्याच्या गोदीत होते, हे आईने मला सांगितलं होतं. पण तिथे त्यांनी नुसत्या गोण्या उचलल्या नसतील, भाषाही उचलली असेल, हे माझ्या योजनेत नव्हतं.

जरा वेळाने मामू माझ्याकडे वळले. "हा म्हणतो, मी रोज संध्याकाळी पत्र्याचा डबा वाजवतो आणि हिला नि शेळ्यांना जव घालतो. डबा वाजला की ह्या धावत येतात. म्हणतो, सकाळी सकाळी कोणी वाजवला?" ते थांबले. "आणि विचारतो, तुमच्या मुलखात पाहुणे असेच पळत सुटतात का?"

मी डबा पाठीमागे लपवला.

अबू दहामने आम्हाला जाऊ दिलं नाही. मेंढी कापली. झुलेखाचं वाटण बायकांच्या तंबूत गेलं आणि तिथून भाताच्या परातीत आलं. सगळे बोटं चाटत होते. मी मात्र परातीतला भात नुसता चिवडत होतो. समोर यूसुफ बसला होता, डोळे सुजलेले. त्या पोराने माझ्या थापांपायी आपली असमा घालवली होती, आणि माझ्यावर एका शब्दाने रागावला नव्हता. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. मामू शेजारी बसून कावा, ती कडू अरबी कॉफी, पीत होते. माझ्याकडे बघतही नव्हते.

परतताना मामू पुन्हा पुढे, आम्ही मागे. शेवटी झुलेखानेच धीर केला. "अब्बा, मग असमाचं काय? मुंबईला हो कळवणार?"

"मुंबईला कशाला?" मामू म्हणाले. "असमा यूसुफची. होणारी बायको हातची जात असताना जो खरं बोलला, त्याच्याहून चांगला जावई मी कुठे शोधू?"

यूसुफने खिशातून टेपची डबी काढली आणि चालत्या जीपमध्ये टेप मोजायला लागला. झुलेखा पदराने डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. काही झालं तरी काम फत्ते झालं होतं! योजना माझीच, थोडी वळणं घेऊन का होईना, पार पडली होती. मी घसा खाकरला आणि पुढे वाकलो. "मामू, म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नाही ना?"

मामू मागे वळले, आणि माझ्याकडे न बघता लेकीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"बेटी, माफ कर मला. तुझ्या लग्नाच्या वेळेला बहिणीचा मुलगा म्हणून मी चौकशीच केली नाय."

"असू दे, अब्बा," झुलेखा म्हणाली. "निभावते मी."

पुढचे वीस मैल मी बाहेरचा डोंगर बघत बसलो. डोंगर केव्हाच मागे राहिला होता.