आठ जोड्यांची इर्जिक

"दोनच्या आत झालं न्हाई, तर नाव बदलून घेईन," भुजंगनं रविवारी सकाळीच जाहीर केलं.

त्याची आई झुंबरबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "कशाला? राशन कार्डावर आणखी एक घोळ."

वर्षभर खपून भुजंगनं मराठी टायपिंगचा प्रोग्राम लिहिला होता. जालन्याचे छापखानेवाले काकासाहेब तो बघायला दुपारी बदनापूरला येणार होते. पसंत पडला तर नोकरी. पण प्रोग्राम चालण्याआधी तो कम्पाइल व्हावा लागतो, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरावा लागतो, आणि भुजंगच्या जुन्या लॅपटॉपला त्यासाठी नऊ तास लागत. बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट सकाळी आठला यायची ती दोनला जायची. अर्धवट राहिलं की पुन्हा श्रीगणेशा! चार दिवस लॅपटॉप रोज नव्या उमेदीनं निघत होता आणि रोज वाटेतच बसत होता.

आता मात्र भुजंगला उपाय सापडला होता, आणि त्या अभिमानानं त्याची छाती शर्टात मावत नव्हती. मित्र रशीदच्या कम्प्युटर क्लासात आठ कम्प्युटर होते. सगळे वायरीनं लॅपटॉपला जोडायचे, कामाचे तुकडे करून वाटून द्यायचे. नऊ तासांचं काम दीड तासात.

"म्हंजे इर्जिकच की," झुंबरबाई म्हणाली. "गावच्या साऱ्या बैलजोड्या एका दिवशी एकाच्या रानात."

"बराबर. माझी जोडी म्हातारी, म्हणून रशीदच्या आठ."

"मंग जेवायला काय घालून राह्यलास?"

"आई, त्यांला खायला लागत न्हाई."

झुंबरबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू पोरानं घराण्याचं नाक भर बाजारात कापलं होतं. त्यानं ते पाहिलंच नाही, कारण तो तोवर क्लासाच्या वाटेला लागला होता.

पावणेबाराला काम सुरू झालं. बॅचची आठ पोरं बाजूला बसून बघत होती. साडेबाराला निम्मं काम उरकलं होतं. "बिलकुल घोड्यावाणी पळून राह्यलेत," रशीद म्हणाला. भुजंग निर्धास्त होऊन काकासाहेबांना आणायला स्टेशनवर गेला. गाडी लेट आली. येताना त्यानं वाटभर आपल्या युक्तीचं वर्णन केलं, आणि एक वाजून पाच मिनिटांनी मोठ्या थाटात क्लासाचं दार उघडलं.

पोरं रांगेत मांडी घालून पोळ्या आणि वांग्याची भाजी खात होती. झुंबरबाई वाढत होती. आठही कम्प्युटरच्या वायरी काढून, नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. टेबलावर लॅपटॉप एकटाच धापा टाकत होता.

"वायरी कुणी काढल्या?"

"मी," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "माणसं जेवताना जोत सोडावं लागतंय. हात लावून पाह्यलं, केवढी तापल्ती बिचारी."

"मैं बोल्या था," रशीद घास गिळत म्हणाला. "पर खाला ऐकतात का?"

दोनला पंचावन्न मिनिटं उरली होती. काम अजून निम्मं बाकी होतं. पोरांनी भाजीच्या हातांनीच वायरी लावल्या, आठही जोड्या पुन्हा रानात उतरल्या. दोनला दहा कमी असताना प्रोग्राम तयार झाला.

"काहीतरी लिहून दाखवा," काकासाहेब म्हणाले.

भुजंगनं लिहिलं, 'झुंबरबाई'. काकासाहेबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, पण रशीदनं सांगितल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला.

"उद्यापासून कामावर या," काकासाहेब म्हणाले, आणि दोनच्या ठोक्याला लाइट गेली.

बिनखिडकीच्या त्या अंधाऱ्या खोलीत झुंबरबाईचा आवाज आला, "उद्या जमायचं न्हाई, साहेब. आठ जोड्या येऊन गेल्यात. आठ दिवस ह्याला रशीदकडं परतफेडीला जावं लागंल."

काकासाहेब हसतील अशी भुजंगला आशा होती. पण त्यांच्याही घरी शेती होती. "बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "मग नवव्या दिवशी या."

सोमवारी सकाळी भुजंग लॅपटॉप काखेत मारून क्लासात हजर झाला. रशीदनं लॅपटॉपकडं एकदा पाहिलं, भुजंगकडं एकदा पाहिलं.

"म्हातारी जोडी घरीच बांध," तो म्हणाला, "नुस्ता गडी बस झाला." आणि त्यानं भुजंगच्या हातात झाडू दिला.