हकीकत सफाई खर्चाची व निळ्या ड्रमाची

विनंती ऐसीजे. लढाया पुष्कळ जाहल्या आणि त्यांच्या हकीकती लिहिणारेही पुष्कळ जाहले, परंतु भाडेकरू खोली सोडोन जातो त्या दिवशी घरमालकाच्या मागल्या अंगणात जो रणसंग्राम होतो, त्याची नोंद कोणी ठेविली नाही. सबब मौजे वरठी, परगणे भंडारा, येथील जाणत्या मंडळींस विचारोन, त्यांचे ऐकोन आणि थोडे पदरचे घालोन ही हकीकत लिहिली असे. ज्यांस घर भाड्याने देणे आहे अथवा घेणे आहे, त्यांनी तरी चित्त देऊन वाचावी.

वरठीस रुळांपलीकडे, जेथून पोलाद कारखान्याचे धुराडे दिसते, तेथे टपालखात्यातून निवृत्त राजमान्य राजश्री मंगरूजी गोंडाणे यांचे ठाणे होते. पुढल्या अंगास स्वतः राहात आणि मागल्या अंगास दोन खोल्या, एक मोरी आणि एक पडवी इतका मुलूख भाड्याने देत. मुलूख लहान, परंतु अंमल करडा. भाडेकरू येते समयी त्याजकडोन अनामत घेत, आणि जाते समयी तीतून सफाई खर्च या नावाने वसूल कापोन घेत, आणि हा खर्च किती याचे शास्त्र कोठेही लिहिलेले नव्हते, मंगरूजींच्या नजरेस पडेल तेच शास्त्र. भिंतीस खिळ्याचे भोक दिसले की कापा, ओट्यामागे तेलाचा चिकटा दिसला की कापा, आणि कारखान्याची काळी धूळ तर आभाळातून येते, तिजवर कोणाचा हुकूम चालत नाही, तरी तीही भाडेकरूच्याच नावे पडे. मागे एका मास्तरांनी खोली लख्ख करोन दिली, तर मंगरूजींनी स्टुलावर चढोन पंख्याच्या पात्यावर बोट फिरविले आणि ते बोट मास्तरांच्या नाकासमोर धरिले. त्या बोटाची कीर्ती वरठीपासून मोहाडीपर्यंत गेली.

ऐसा कडक पुरुष, परंतु त्यांजवरही एक सरकार होते आणि त्या सरकारचे नाव मंगलाबाई. भाडे त्यांच्या हाती, किल्ल्या त्यांच्या कमरेस, आणि मंगरूजींच्या जबड्याचा हवालाही त्यांजकडेच.

जबड्याचे वर्तमान ऐसे. मंगरूजींस खर्ऱ्याचा शौक. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालोन घोटतात आणि मग तो पदार्थ गालात दाबोन माणसे दिवस काढितात. मंगरूजींनी नोकरीभर काढिले. मग एके दिवशी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांस आपलीच तीन बोटे उभी करोन तोंडात घालावयास सांगितली, तो दोन गेली आणि तिसरे दारातच अडकले. डॉक्टर गंभीर जाहले आणि बोलले की, आज सोडाल तर जबडा वाचेल, न सोडाल तर पुढील गोष्ट मी बाईंसमोर काढीत नाही. बाई न काढिताच समजल्या. परतीच्या एसटीत त्यांनी वरठी येईतो एक अक्षर उच्चारिले नाही, आणि मंगरूजींस आयुष्यात प्रथमच त्यांच्या बोलण्याची आठवण जाहली. मग बुद्धपौर्णिमेस विहारात पंचशील म्हणोन जाहल्यावर मंगरूजी उभे राहिले आणि आजपासोन खर्रा सोडिला ऐसे सर्वांदेखत जाहीर केले, आणि मंडळींनी टाळ्या वाजविल्या, आणि मंगलाबाईंनी स्वहस्ते शिजविलेली खीर अवघ्या मोहल्ल्यास वाटली.

शपथ घेते समयी मंगरूजींचे मन साफ होते, हे लिहिणे न्यायाचे आहे. परंतु चौथे दिवशी गाल रिकामा राहवेना. मग टाकी भरली की नाही ते पाहोन येतो ऐसा बहाणा करोन ते सांजवेळी मागल्या पडवीत जाऊ लागले. तेथे भाडेकरूंचा पाणी भरण्याचा निळा ड्रम होता, मोठा, माणसाच्या छातीइतका. मंगरूजी त्याच्या आड उभे राहात, बंडीच्या आतल्या खिशातून पुडी काढीत, आणि पिचकारी ड्रमामागील कोपऱ्यात सोडीत. बाहेरून पाहणारास ड्रम दिसे आणि ड्रमावर मंगरूजींचे चिंताक्रांत मस्तक दिसे, आणि बिचारे टाकीची किती काळजी वाहतात ऐसे वाटे.

भाडेकरूचे नाव नीलेश. मोहाडीच्या कोष्टी घराण्यातला. बाप मोतीलाल हातमागावर, पोर पोलाद कारखान्यात. सोबत बायको मंजुषा. दोघांसही ड्रमामागील राजकारण पहिल्या आठवड्यातच कळो आले, कारण पडवीची खिडकी मंजुषेच्या ओट्यावरच उघडे. नीलेश सुपारीच्या खांडासही न शिवणारा. तो कधी पाळी संपवोन पडवीत मंगरूजींजवळ बसे आणि दोघे कारखान्याच्या, धानाच्या, पावसाच्या गोष्टी करीत, आणि उठता उठता नीलेश हळूच म्हणे, “सोडा ना जी काका आता,” आणि मंगरूजी म्हणत, “उद्यापासून.” चहाडी मात्र त्या नवराबायकोने केली नाही. मंगरूजींसही त्या घटकेची सवय लागली. त्यांस वाटे ती खर्ऱ्याची, परंतु निम्मी त्या पोराच्या गोष्टींची होती.

पुढे नीलेशाने भंडाऱ्यास लहानसे घर बांधिले आणि खोली सोडण्याचा विचार कळविला. नव्या घराच्या पुढल्या दारास लोखंडी जाळी लावणे बाकी होते, आणि ती अनामत परत येईल तीतून लावावी ऐसा मंजुषेचा मनसुबा. मास्तरांच्या बोटाची कथा तिने ऐकिली होती. मग तिने पदर खोचिला आणि धुण्याचा सोडा, लिंबाच्या साली, तारेची घासणी आणि जुनी बनियने इतका सरंजाम घेऊन ओट्यावर चाल केली आणि ओटा सर केला; तेथोन मोरीवर उतरली आणि मोरी जेर केली. नीलेशाने खिळ्यांची भोके पांढऱ्या लांबीने बुजविली आणि पंख्याची पाती उतरवोन, धुवोन, परत चढविली. पडवीकडे येतो तो सामानाचा टेम्पो दारी येऊन उभा राहिला. ड्रम रिकामा करोन सर्वांच्या शेवटी चढवावा ऐसे ठरले आणि तो जागीच राहिला.

मग मंगरूजींची स्वारी पाहणीस निघाली. पुढे मंगरूजी, मागे मंगलाबाई, त्यांच्या मागे भाडेकरू हात बांधोन. मंगरूजींनी ओट्यावर बोट फिरविले, बोट कोरडे आले. स्टुलावर चढोन पंख्यावर फिरविले, बोट गेले तैसेच परत आले. मोरीत वाकोन पाहिले तो आपलेच तोंड दिसले. ऐसा प्रसंग त्यांजवर पूर्वी आला नव्हता. वास्तविक त्या दिवशी त्यांचे चित्त मुळी ठिकाणी नव्हते, पोर जातो हे सकाळपासोन टोचत होते, आणि ज्या माणसास टोचते ते सांगता येत नाही तो कडक होतो, तैसे ते अधिकच कडक जाहले. अनामत सबंध परत दिली तर अंमलाची अब्रू काय राहिली, ऐसे मनात आणोन ते पडवीत आले, चौफेर नजर टाकिली, आणि हुकूम फर्माविला की, सर्व दिसते ते साफ आहे, परंतु न दिसणारे पाहणे हेच घरमालकाचे काम, तरी हा ड्रम हलवावा.

हुकूम तोंडातून सुटला आणि मग स्मरण जाहले.

“राहू दे,” ते म्हणाले, “राहू दे, जड आहे तो.” परंतु ड्रम रिकामा होता आणि नीलेश पोलाद उचलणारा. नीलेशाने मात्र हात लावला नाही. तो काकांकडे पाहात उभा राहिला. तेव्हा मंगलाबाई पुढे सरल्या आणि त्यांनी स्वतःच ड्रम एका हाताने बाजूस ओढिला.

कोपरा गुडघ्याच्या उंचीपर्यंत तांबडा होता. जुन्यावर नवे, नव्यावर ओले, ऐसे थर चढले होते, आणि त्यातोन तंबाखूचा जो दर्प उठला तो मंगरूजींस परिचयाचा होता.

“काहून गा नीलेश,” मंगलाबाई म्हणाल्या, “कवापासून खाऊन राहिला तू खर्रा?”

मंजुषेचे तोंड उघडले. नीलेशाने तिचा हात दाबिला आणि खाली पाहोन म्हणाला, “चुकलं जी काकू. सफाईचे कापून घ्या तुमी.”

“पैशाले काय करू मी? तुह्या काकाकडे पाह्य जरा. पुनवेले सोडला, तं आजवर हात नाई लावला. अशी रायते माणसाची जबान. आन् तुले तं अजून लेकरूबाळ व्हायचं हाये.” मग त्यांनी मंगरूजींकडे वळोन फर्माविले की, आपण वडीलधारे, आपण या मार्गातून पार पडलेले, तरी या पोरास दोन शब्द सांगावे.

मंगरूजींनी पुष्कळ भाडेकरू पाहिले, पुष्कळांच्या अनामती कापिल्या, परंतु ऐसा पेच त्यांस पडला नव्हता. बोलावे तर काय बोलावे, आणि न बोलावे तर इभ्रत वाचते, वर सफाई खर्चही पदरी पडतो. फक्त पोराचे नाव जाते. आणि पोर तर निघालेच आहे, टेम्पो दारात आहे, एक घटका तोंड मिटोन उभे राहिले की मोहीम पार. ऐसे त्यांच्या मनात आले हे खरे. ते खाकरले.

तो मंगलाबाई म्हणाल्या, “मोबाईल काढ. लाव तुह्या मायले फोन, दुर्गाबाईले मीच सांगतो.”

नीलेशाने मोबाईल काढिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण माय साधी, ऐकोन जेवण सोडील. तरी तो नंबर शोधू लागला. मंगरूजींनी त्याच्या अंगठ्याकडे पाहिले. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि त्या दिवशीची पुडी काढोन निळ्या ड्रमाच्या झाकणावर ठेविली.

“त्याच्या मायले नको लावू फोन,” ते म्हणाले. “ते माह्यं होय. सारंच माह्यं होय.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, त्याजकडे कोणी पाहिले नाही. मंगलाबाई एसटीत बसल्या होत्या तैशाच उभ्या राहिल्या, आणि इतकेच म्हणाल्या, “मी खीर वाटली ना जी साऱ्याइले.”

मंगरूजींचे तोंड दोन बोटांइतके उघडत असे, ते तितकेही उघडेना. डोळे मात्र भरोन आले आणि त्यांनी ते बंडीच्या टोकास पुसले, सर्वांदेखत.

मग मंगलाबाईंनी नाक पदरास पुसोन तीन हुकूम काढिले. पहिला की, नीलेशाची अनामत एक पैसा न कापिता आत्ताच हाती द्यावी. दुसरा की, ज्याची घाण त्याचा सफाई खर्च हा या घराचा जुनाच कायदा आहे, तरी मंगरूजींनी हा कोपरा स्वहस्ते घासावा, आणि कोणी मदतीस जाऊ नये. तिसरा की, जोवर मंगरूजींच्या तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत तोवर या घरी कोणत्याही भाडेकरूकडोन सफाई खर्च घेऊ नये.

मंजुषेने आपली तारेची घासणी आणि उरलेला सोडा आणोन काकांच्या हाती दिला. मंगरूजी उकिडवे बसले आणि त्यांनी कोपऱ्याशी झुंज मांडिली. तांबडे पाणी पायांखालोन मोरीकडे वाहू लागले, गुडघे बोलू लागले, टेम्पोवाला आत येऊन पाहोन गेला आणि हॉर्न देणे बंद करोन बिडी विझवोन बसला. नीलेश दोनदा पुढे जाहला आणि दोनदा मंगलाबाईंच्या नजरेने मागे फिरला. घासोन जाहल्यावर मंगलाबाई वाकल्या, भिंतीवर बोट फिरविले, आणि ते बोट मंगरूजींच्या नाकासमोर धरिले. मंगरूजी पुन्हा घासू लागले.

निघते समयी उभयतांनी पाया पडोन निरोप घेतला. नीलेशाने ड्रमाकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि हसू दाबोन विचारिले, “काका, ड्रम राहू देऊ का जी इथंच?”

उत्तर मंगलाबाईंनी दिले, “ने बापा, ने. आता आडोसा नाई पायजे या घरात.” आणि मंगरूजी म्हणाले की, भंडाऱ्यास बाजाराला येतो तेव्हा येईन तुझ्याही पडवीत बसायला. नीलेश म्हणाला, “रिकाम्या तोंडानं या जी.”

येणेप्रमाणे वरठीची मोहीम फत्ते जाहली. अनामत सबंध परत गेली आणि नव्या घराच्या दारास जाळी लागली. कोपऱ्याचा डाग घासोन फिका जाहला, पुरता गेला नाही. मंगरूजी त्यावर चुना लावू पाहात होते, मंगलाबाईंनी लावू दिला नाही. आता त्या खोल्यांत चंद्रकुमार नावाचे नवे भाडेकरू आहेत आणि ते सांजवेळी नित्य पाहतात की, घरमालकीण घरमालकास त्या भिंतीपाशी उभे करोन म्हणतात, “आ करा,” आणि मंगरूजी आपली बोटे तोंडास लावितात. दोन सुखरूप आत जातात. तिसरे अर्धे गेले आहे, अर्धे अद्याप बाहेर आहे, आणि तोवर मौजे वरठी येथे सफाई खर्च बंद असे.