एंटर लवूकडे आहे

ज्ञान अथांग असतं, त्यामुळे ते एकट्या माणसाच्या अंगावर टाकणं अमानुष ठरतं. जगाला ही गोष्ट फार उशिरा कळली. भांडुपच्या आमच्या व्यवसाय शिक्षण केंद्राला ती पहिल्याच दिवशी कळली. दहावीनंतरच्या माहिती तंत्रज्ञान अभ्यासक्रमाला विद्यार्थी चाळीस आणि संगणक दहा (चालू धरून). भागाकाराला बाकी उरत नाही. याला नियोजन म्हणतात.

सदर नियोजनानुसार प्रत्येक संगणकापुढे तीन खुर्च्या आणि एक स्टूल. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने टाइप करायचं, तिसऱ्याने एंटर मारायचं. स्टूलवरच्याने बघायचं. पहिल्या दिवशी जो जिथे टेकला, ती त्याची शाखा. मध्येच जागा बदलली तर शिस्त बिघडते आणि हजेरीचाही घोळ होतो.

आमच्याकडे श्रुतिका माऊसला, विशाल टायपिंगला, लवू एंटरला. मी स्टूलवर. (निरीक्षणात मी केंद्रात पहिला आलो.)

यातून कोणालाच काही येत नाही, असं काही जळके लोक म्हणतात. हे साफ खोटं आहे. श्रुतिका पडद्यावरचा बाण सुईत दोरा ओवावा तसा नेते. विशाल डोळे मिटून टाइप करतो (उघडले तरी तेच उमटतं). लवूचं एंटर तर दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. एवढा निकाल कुठल्या इंजिनीअरिंग कॉलेजने दाखवावा.

अधिकारक्षेत्राचा वाद एकदाच झाला. पडद्यावर ‘ओके’ आलं.

“क्लिक माझं आहे,” श्रुतिका म्हणाली.

“एंटरनेपण होतं गं. तू कशाला मध्ये येतेस?”

“हात तर लाव, मग बघ.”

“भांडू नका यार, लाइट जाईल,” विशाल म्हणाला.

लाइट गेली. प्रकरण प्राचार्यांकडे विचाराधीन आहे.

यथावकाश सगळे पास झालो. श्रुतिकाची आई, शेवंतीमावशी, मुलुंडच्या एका इस्पितळात आया आहेत. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “गणपतीच्या आत नोकरी नाही लागली, तर गपगुमान माझ्याबरोबर वॉर्डात यायचं. बेडपॅनला माऊस लागत नाही.” आणि तेवढ्यात अंधेरीच्या एका कार्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. तुमचं काम तिथेच अडकलेलं असेल.) पद एक. गेलो चौघेही. संगणक म्हटला की चौघे लागतात, एवढं शिक्षण आम्हाला मिळालं होतं.

आत श्रुतिकाला बोलावलं. दार उघडंच होतं, म्हणून मी माझं काम सुरू केलं.

“स्वतःचं नाव लिहून दाखव,” मुलाखत घेणारे श्यामकांत साहेब म्हणाले.

श्रुतिकाने बाण रकान्यात नेला, झकास क्लिक केलं आणि हात मांडीवर घेतला.

“लिही ना.”

“ते विशालकडे येतं, सर.”

“कोण विशाल?”

“बाहेर बसलाय. एंटर लवूकडे आहे, तोपण आलाय. बोलावू?”

“अगं, समोर कीबोर्ड आहे. तूच दाब की.”

आईचा वॉर्ड तिच्या डोळ्यांसमोर आला असणार. चेहरा तरी तसाच झाला होता. पण शिक्षण शेवटी शिक्षण.

“नाही सर. ते माझ्याकडे येत नाही.”

वाट लागली, असं मी निरीक्षण केलं. पण साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“हे वाक्य नव्या माणसाच्या तोंडी बसवायला आम्हाला सात-आठ वर्षं लागतात,” ते म्हणाले. “ही पोर घरूनच शिकून आलीय!”

तिघांनाही जागीच घेतलं, एका पदावर, एका पगारात. शेवंतीमावशींनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मला तेवढं घेतलं नाही. “बघायला आमच्याकडे पब्लिक आहे,” साहेब म्हणाले.

तेव्हा तुमच्या अर्जाचं काय झालं, म्हणून खिडकीवर उगाच आवाज चढवू नका. श्रुतिकाने तो कधीच उघडलाय. विशालने तुमचं नाव, पत्ता, सगळं भरलंय. फक्त एंटर मारायचं राहिलंय, आणि लवू गावी गेलाय. खिडकीच्या अलीकडे एक स्टूल ठेवलेलं आहे. त्यावर बसा आणि बघत राहा. मन लावून बघितलंत, तर दोन वर्षांत तुम्हीही पास व्हाल.